अपघात अटळ होता, मग भरपाई कोणी द्यायची?

30 मार्च 2023, रामनवमी. इंदूरच्या पटेलनगरातल्या बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात हवन चालू होतं आणि एकाएकी लोकांच्या पायाखालची जमीन गेली. जमीन कसली, जुन्या बावडीवर ओतलेला स्लॅब होता तो. वर्षानुवर्षं माणसं त्यावर वावरत होती. खाली विहीर आहे हे कुणाला माहीत होतं, कुणी विसरून गेलं होतं आणि नव्यानं येणाऱ्यांच्या तर ते कानावरही आलं नव्हतं. 36 माणसं गेली. महूहून लष्कराचे जवान आले, शोध रात्रभर चालला. महापालिकेनं तिथल्या बांधकामाबद्दल मंदिराच्या ट्रस्टला आधीच नोटीस दिली होती, हेही मागाहून बाहेर आलं.

पुढचे काही दिवस शहरात दोनच सूर ऐकू येत होते. आमच्या रामबागेतली वडीलधारी मंडळी म्हणत, "ज्यांची वेळ भरली होती तेच नेमके त्या जागी जाऊन बसले." बाहेर चहाच्या टपरीवर म्हणत, "ट्रस्टवाल्यांना फासावर लटकवा." पहिल्या सुरात जबाबदारी कुणाचीच नाही. दुसऱ्यात दोघाचौघांना तुरुंगात धाडलं की बाकी सगळे मोकळे. ज्या घरातला कमावता माणूस गेला, त्या घराच्या पदरात या दोन्हींतून काही पडत नाही.

मला मांडायचं आहे ते असं: अपघात टळण्याजोगा होता की नव्हता, हा प्रश्न शिक्षेसाठी राखून ठेवावा. भरपाई देताना तो विचारूच नये. रस्त्यावरच्या अपघातांत आपला कायदा या वाटेनं अर्धामुर्धा का होईना, चालला आहे. माणसं जिथं गर्दीनं जमतात त्या जागांच्या बाबतीत मात्र त्यानं पाऊलच उचललेलं नाही.

मी मोटार अपघातांचे क्लेम चालवणारा वकील. कधी जखमी माणसाकडून उभा राहतो, कधी विमा कंपनीकडून, त्यामुळे डावपेच दोन्ही बाजूंचे ठाऊक आहेत. 'साहेब, अपघात अटळ होता, आमची काही चूक नव्हती' हा बचाव मी कोर्टात ऐकलाही आहे आणि केलाही आहे. लोकांना वाटतं, हे वाक्य म्हटलं की सुटका. तसं ते नाही.

भारतीय न्याय संहितेचं कलम 18, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं 80, वाचून पाहावं. कायद्याला मान्य असलेलं काम कायदेशीर रीतीनं, कायदेशीर साधनांनी आणि योग्य ती काळजी घेऊन करत असताना, मनात वाईट हेतू किंवा जाणीव नसताना, दुर्दैवानं काही घडलं तर तो गुन्हा होत नाही. सोबत कायद्यानंच एक उदाहरण दिलं आहे. एक जण कुऱ्हाडीनं काम करतो आहे, पातं निसटून उडतं आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा जीव जातो. कुऱ्हाडवाल्याकडून काळजी घेण्यात कसूर झाली नसेल तर तो क्षम्य आहे. 1860 पासूनचं हे उदाहरण, नव्या संहितेतही टिकलं.

ज्यानं कधी कुऱ्हाड हातात धरली आहे त्याला यातली गोम लगेच कळेल. पातं एकदम उडत नाही. आधी ते सैल होतं. दांडा वाळून आकसतो, पाचर ढिली पडते, घाव घालताना पातं जरासं डुगडुगतं, आवाज बदलतो. जाणता माणूस कामाला लागण्याआधी दांडा जमिनीवर ठोकून बघतो, गरज वाटली तर नवी पाचर मारतो. पातं सुटल्यावर जगातला कुठलाही माणूस ते धरू शकत नाही, हे न्यायाधीशालाही कळतं. म्हणून तो त्या क्षणाबद्दल फारसं विचारत बसत नाही. सकाळी पाचर बघितली होती का, हे तो विचारतो.

तरी बचाव पक्षाचा सगळा जोर त्या शेवटच्या क्षणावरच असतो. काही करायला वेळच नव्हता, समोरून एकदम आलं, ब्रेक लागलाच नाही. हे सगळं खरं असू शकतं आणि तरीही निकाल विरुद्ध जाऊ शकतो.

खरोखर अटळ अपघात असतातच, आणि त्यांच्याशी न्यायानं वागलं पाहिजे. इंग्लंडमध्ये 1891 साली निकाल लागलेल्या एका खटल्यात शिकाऱ्यानं पक्ष्यावर गोळी झाडली, छर्रा ओकच्या झाडावर आपटून वळला आणि बरोबरच्या माणसाच्या डोळ्यात गेला. ज्यूरीनं निष्काळजीपणा नाही असं ठरवलं आणि शिकारी सुटला. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला आयुष्यातला पहिलाच हृदयविकाराचा झटका आला आणि गाडी फुटपाथवर चढली, तर त्याला कुठल्या तोंडानं दोषी म्हणायचं? (डॉक्टरांनी आधी गाडी चालवू नका म्हणून बजावलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथं पाचर दिसली होती.) आपल्या सुप्रीम कोर्टानं 1979 मध्ये कर्नाटकातल्या एका बसचालकाची शिक्षा रद्द केली. लहान मुलगी एकदम रस्त्यात धावली होती आणि चालकानं तिला वाचवायला बस वळवली होती. अपघात झाला, एवढ्यावरून फौजदारी खटल्यात दोष गृहीत धरता येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

आपल्याकडे मात्र अपघात झाला की पहिली पाच मिनिटं निकाल जमाव देतो. मोठं वाहन असेल तर चूक त्याचीच, आणि शिक्षा जागेवर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्ये, जखमीला दवाखान्यात नेण्याचं चालकाचं कर्तव्य सांगताना, जमावाच्या उद्रेकामुळे ते शक्य नसेल तर त्याला सूट दिली आहे. कायदा करणाऱ्यांनी आपल्या रस्त्यांचं हे वर्णन कलमातच लिहून ठेवावं, यातच सगळं आलं. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन-तीन दिवसांत इंदूरच्या पेट्रोल पंपांवर ज्या रांगा लागल्या त्या याच दुखण्यातून. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या तरतुदीविरुद्ध ट्रकवाल्यांचा संप होता. सरकारनं ते पोटकलम लागू करणं थांबवलं. चालकांचं म्हणणं सरळ होतं: थांबलो तर लोक मारतील, पळालो तर कायदा. यातून मेलेल्याच्या घरच्यांना काय मिळालं, हा प्रश्न त्या संपात कुणीच विचारला नाही. सरकारनं नाही, संपवाल्यांनी नाही आणि रांगेत उभ्या असलेल्या आपणही नाही.

आता ब्रेक फेलबद्दल. इंदूरहून मुंबईकडे निघालं की मानपूर ओलांडल्यावर गणेश घाट लागतो. माळव्याचं पठार संपून निमाडात उतरणारा तीव्र उतार. तिथं भरलेले ट्रक सुटायचे, पुढच्या गाड्यांवर आदळायचे, पेटायचे. वर्षानुवर्षं पेपरात एकच कारण छापून यायचं: ब्रेक फेल. ट्रकवाल्यांशी बोललं तर कळतं की घाटात ब्रेक फेल होण्याला एक रीत आहे. डिझेल वाचवायला काही जण गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडतात. मग इंजिनाची ओढ राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. पाय दाबलेलाच राहतो, ड्रम तापतो, लायनरची पकड जाते, जळका वास येतो आणि एका क्षणी पॅडल दाबूनही गाडी ऐकत नाही. मालात भर टाकून ट्रक ओव्हरलोड केलेला असेल तर हा क्षण लवकर येतो. यातलं अचानक काय होतं? खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवायची हे शिकवलेलं असतं. वजनकाट्याची पावती असते. आणि एकाच उतारावर एकाच तऱ्हेनं गाड्या सुटत असतील तर रस्ता बांधणाऱ्यालाही ते दिसत असतंच. शेवटी घाटाला पर्यायी नवा रस्ता काढावा लागलाच. एकच अपघात पुन:पुन्हा होत असेल तर पुढचा कधी होणार एवढंच ठरायचं बाकी असतं. त्याला अटळ म्हणणं म्हणजे मेलेल्याची थट्टा आहे.

टायर फुटण्याचंही तसंच. आमच्या कोर्टात भाषा हिंदी, पण उलटतपासणी मराठीत सांगायची तर साधारण अशी चालते.

"टायर कधी टाकला होता?"

"मालकांनी टाकला होता."

"नवा की रबर चढवलेला?"

"चढवलेला."

"कितव्यांदा?"

इथं ड्रायव्हर मालकाकडे बघतो आणि मालक छताच्या पंख्याकडे. टायरच्या भिंतीवर चार आकडे छापलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. पंचनाम्यात ते आकडे टिपलेले क्वचितच सापडतात. पोलीस 'टायर फटने से' लिहून मोकळे होतात आणि फुटलेला टायर भंगारात जातो. पुरावा इथंच संपतो.

1977 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं ही जबाबदारी स्पष्ट केली होती. यंत्रात बिघाड झाला एवढं सांगून मालक सुटत नाही. आपण वाजवी काळजी घेतली होती आणि तरीही तो दोष दिसण्याजोगा नव्हता, हे त्यानंच दाखवायचं. हा भाग मला पटतो. याच निकालाचा दुसरा भाग असा की, निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. पुढचे सगळे घोळ त्यातून सुरू झाले. मालकानं खरोखर सगळी काळजी घेतली होती असं धरून चालू. टायर नवा, गाडी तपासलेली, वेग बेताचा. तरीही टायर फुटला आणि कडेनं पायी चालणारा माणूस गेला. त्याची बायको मालकाइतकीच निर्दोष आहे. मग दोन निर्दोष माणसांपैकी नुकसान तिनंच का सोसायचं? गाडी रस्त्यावर आणून तिचा फायदा तर मालक घेत होता.

हाच प्रश्न 2001 साली सुप्रीम कोर्टापुढे आला. उत्तर प्रदेशात एका जीपचा पुढचा टायर फुटला, जीप उलटली आणि पादचाऱ्याचा जीव गेला. न्यायाधिकरणानं दावा फेटाळला, हायकोर्टानंही फेटाळला. चालकाची हयगय सिद्ध नाही, हे कारण. सुप्रीम कोर्टानं एका जुन्या इंग्रजी निकालाचं तत्त्व लावलं आणि हयगय नसतानाही भरपाई दिली.

तो इंग्रजी निकाल 1868 चा आहे. लँकेशायरमधल्या एका गिरणीमालकानं पाण्यासाठी तळं बांधून घेतलं. काम कंत्राटदारांकडे होतं. तळ्याच्या तळाखाली जुन्या, बुजवलेल्या खाणीची विवरं होती. मालकाला त्यांचा पत्ता नव्हता. तळं भरलं, पाणी विवरांतून उतरलं आणि शेजाऱ्याची चालू खाण बुडाली. मालकाची वैयक्तिक चूक काहीच नव्हती, तरी त्याला भरपाई द्यावी लागली. आपल्या सोयीसाठी जमिनीवर धोक्याची गोष्ट आणून साठवली तर ती निसटल्यावर होणारं नुकसान तुझं, असं कोर्टानं म्हटलं. वर भरलेलं तळं आणि खाली विसरलेली विवरं. पटेलनगर आठवल्याशिवाय मला हा निकाल आता वाचता येत नाही. अर्थात बावडी आणि तळं कायद्याच्या काट्यावर एकाच मापाची नाहीत. मंदिरानं काही निसटू दिलं नव्हतं, उलट माणसं आत बोलावली होती. पण खाली काय आहे याची माहिती ठेवायची कुणी, हा प्रश्न तोच.

आपल्या मातीतला जवळचा दाखला दिल्लीचा आहे. चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा 1951 मध्ये कोसळला, माणसं मेली. मनोरा महापालिकेच्या मालकीचा. महापालिका म्हणाली, आतला दोष बाहेरून दिसण्यासारखा नव्हता, अपघात अटळ होता. पुराव्यात आलं की मनोरा सुमारे 80 वर्षं जुना होता आणि ज्या चुन्याच्या कामानं तो उभा होता त्याचं आयुष्य 40-45 वर्षांचं. सुप्रीम कोर्टानं 1966 मध्ये महापालिकेला जबाबदार धरलं. रस्त्याला लागून इमारत उभी करणाऱ्यानं ती तपासत राहायची, उघड दोषही शोधायचा आणि लपलेलाही. मनोरा आपण होऊन पडत नाही. पडला, यातच प्रथमदर्शनी पुरावा आला.

आणि मध्य प्रदेशातलाच एक निकाल माझ्या मते प्रत्येक सरकारी कार्यालयात फ्रेम करून लावावा. 1997 च्या ऑगस्टमधली पावसाची रात्र. एक कामगार कारखान्यातून सायकलनं घरी चालला होता. रस्त्यावर पाणी साचलेलं, त्यात विजेची जिवंत तार पडलेली. चाक तारेवर गेलं आणि तो जागीच गेला. वीज मंडळाचं म्हणणं, तार आमच्यामुळे पडली नाही, कुणीतरी वीज चोरायला आकडा टाकला होता, तिऱ्हाइताच्या कृत्याला आम्ही काय करणार? 2002 मध्ये सुप्रीम कोर्टानं हे ऐकलं नाही. इतकी धोक्याची वस्तू शहरभर वाहून नेण्याचा धंदा तुमचा. लोक आकडे टाकतात हे तुम्हाला माहीत, ते थांबवणं तुमचं काम. खबरदारी घेऊन हा अपघात टळला असता की नसता, याचा विचारही न करता मंडळ भरपाईला बांधील आहे.

म्हणजे तत्त्व आपल्या न्यायालयांनी केव्हाच मांडून ठेवलं आहे. 4 डिसेंबर 1985 ला दिल्लीत ओलियम वायू गळला तेव्हा तर सुप्रीम कोर्ट आणखी पुढं गेलं: धोकादायक उद्योगाला कुठलाच अपवाद नाही, देवाची करणीही नाही आणि तिऱ्हाइताचं कृत्यही नाही. ते घडलं भोपाळला वर्ष झालं होतं त्या दिवसांत, हे लक्षात ठेवलं पाहिजे. अडचण तत्त्वाची नाहीच, वाटेची आहे. रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना क्लेमचं न्यायाधिकरण आहे, नाममात्र फी आहे, समोर विमा कंपनी आहे. मंदिराच्या फरशीतून खाली गेलेल्याच्या घरच्यांनी ट्रस्टविरुद्ध दिवाणी दावा लावायचा, मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरायची, निष्काळजीपणा सिद्ध करायचा, वर्षानुवर्षं तारखा घ्यायच्या. आणि हुकूमनामा हाती आलाच तर ट्रस्टच्या खात्यात काय सापडणार? दानपेटीतली चिल्लर. म्हणून असे दावे कुणी लावतच नाही.

मग उरतं सरकारी अनुदान. बावडीच्या वेळी राज्य सरकारनं मृतांच्या वारसांना 5 लाख आणि पंतप्रधानांच्या निधीतून 2 लाख जाहीर झाले. दिले ते चांगलंच केलं. पण ती कृपा आहे. 36 माणसं एका दिवशी गेली आणि कॅमेरे आले म्हणून ती झाली. उघड्या चेंबरमध्ये एकटा पडलेला, लग्नाच्या गार्डनमध्ये लोखंडी खांबातून शॉक लागलेला वेटर, जत्रेतल्या पाळण्यावरून पडलेलं पोर, यांच्यासाठी कुणी ट्वीट करत नाही. मोरबीचा झुलता पूल 30 ऑक्टोबर 2022 ला तुटला, 135 माणसं गेली, आणि पकडलेल्या एका व्यवस्थापकानं न्यायाधीशापुढं ही भगवंताची इच्छा होती असं म्हटल्याच्या बातम्या आल्या. लोक खवळले. खवळण्यासारखंच होतं. पण खरं सांगायचं तर रामबागेतल्या ओट्यावर आपण तेच म्हणत होतो, फरक एवढाच की आपल्यावर खटला नव्हता.

इथं रस्त्यावरच्या कायद्याचा अनुभव कामी येतो, त्यातल्या त्रुटींसकट. चूक असो नसो, काही रक्कम द्यायचीच, ही सोय 1982 मध्ये आली. तेव्हा मृत्यूसाठी 15 हजार. 1988 च्या कायद्यात 25 हजार, 1994 मध्ये 50 हजार, आणि 2019 च्या दुरुस्तीनं 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख; ही तरतूद 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. तत्त्व मान्य, रक्कम मात्र कायम महागाईच्या मागं धापा टाकत. ठरलेली रक्कम घेतली की मोठा दावा बंद. पूर्ण भरपाई, म्हणजे वय, कमाई, आश्रित पाहून काढलेली, हवी असेल तर अजूनही कुणाची तरी चूक दाखवावी लागते.

याचे परिणाम बाहेरच्यांना दिसत नाहीत, आम्हाला रोज दिसतात. खंडवा रोडवर रात्री नीलगाय आडवी आली. नवरा मोटारसायकलवर पुढं, बायको मागं. ती गेली, तो वाचला. पोलीस मर्ग कायम करतात, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद घेतात, चौकशी होते, चूक कुणाचीच नाही. पॅकेज पॉलिसी, म्हणजे मागं बसणाऱ्यालाही धरणारा विमा, असली तर नवऱ्याच्या विम्यातून मुलांना चांगली भरपाई मिळू शकते, पण कधी? बापानं निष्काळजीपणे गाडी चालवली हे सिद्ध झालं तर. मग वकील त्याला समजावतो, "लिहून द्या, वेग जास्त होता." ज्याच्या हातून काही चुकलं नाही असा माणूस कोर्टात उभा राहून आपणच बायकोला मारलं असं कबूल करतो, पोरांच्या शिक्षणासाठी. विमा कंपनीकडून उभा असलो की मला हेच खोटं पाडायचं असतं: नाही, तो सावकाश चालवत होता, अपघात अटळ होता. त्याची बाजू त्याच्याविरुद्ध मांडायची. भरपाई चुकीला बांधली की चूक तयार करावी लागते. साक्षीदार 'मिळतात', पळून गेलेल्या गाडीचा नंबर महिनाभरानं आठवतो, आणि अपघात खरा कसा झाला हे कागदावर कुठेच उरत नाही. पुढचा अपघात टाळायला जी माहिती लागते ती याच खोट्याखाली गाडली जाते.

म्हणून माझं म्हणणं आहे की जिथं लोकांना बोलावलं जातं, पैसे घेऊन किंवा न घेता, त्या प्रत्येक जागेवर चुकीचा प्रश्न न विचारता भरपाई देण्याची जबाबदारी कायद्यानं टाकावी, आणि त्यासाठी विमा सक्तीचा करावा. मंदिर, मंडप, लग्नाची गार्डनं, भंवरकुव्यावरचे कोचिंग क्लास, सराफ्याची रात्रीची चौपाटी, मॉलची लिफ्ट, जत्रेतले पाळणे. रक्कम वय आणि कमाईप्रमाणे, 5 लाखांच्या ठोकळ्यात नाही. भोपाळनंतर 1991 साली असा एक कायदा झाला आहे. त्यात चूक सिद्ध न करता भरपाई आणि विम्याची सक्ती दोन्ही आहेत, पण तो घातक रसायनांपुरता आणि त्यातली मृत्यूची रक्कम होती 25 हजार.

विम्याचा आणखी एक फायदा आहे आणि माझ्या मते तोच मोठा. महापालिकेचा माणूस नोटीस देतो आणि विसरतो. कारण छत कोसळलं तर त्याच्या खिशातून काही जात नाही. विमा कंपनीच्या खिशातून जातं. तिचा इंजिनिअर हप्ता ठरवण्याआधी येऊन विचारणारच: इमारत किती जुनी? फरशीखाली काय आहे? एका वेळी किती माणसं बसतात? बाहेर जायला वाटा किती? पटेलनगरात हे प्रश्न कुणी पगार घेऊन विचारले असते तर त्या स्लॅबवर हवन झालं असतं असं मला वाटत नाही. अपघातानंतर शहरातल्या बावड्यांच्या याद्या करायची जी धावपळ झाली, ती हप्त्याच्या नोंदवहीत आधीच झाली असती.

यावर आक्षेप येतील. गल्लीतल्या गणेश मंडळानं हप्ता कुठून भरायचा? अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना (चित्ररथांना), रोषणाईला वर्गणी निघते, तर यालाही निघेल. आणि छोट्या मंडळांचा एकत्रित विमा वॉर्डानुसार घेता येईल. वाहनांचा तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा झाला तेव्हा टांगेवाल्यांशी स्पर्धा करणारे लॉरीवालेही हेच म्हणाले असतील. दुसरा आक्षेप, विमा आहे म्हटल्यावर मालक निर्धास्त होतील. होतील काही. त्यांच्यासाठी फौजदारी कायदा जागेवर आहेच. न्याय संहितेच्या कलम 106 खाली हयगयीनं मृत्यू घडवल्यास आता पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पूर्वी दोन होती. वाईट अनुभवानंतर हप्ता वाढतो, तो वेगळा. तिसरा आक्षेप माझ्याच धंद्यातून येतो: खोटे क्लेम वाढतील. खोटे क्लेम आहेत, मी पाहिले आहेत, पण त्यातलं निम्मं खोटं 'चूक कुणाची' याभोवती असतं. तो प्रश्नच काढून टाकला तर अपघात झाला की नाही आणि माणूस कमवत किती होता, एवढंच तपासायचं उरतं.

फौजदारी बाजूला मात्र मी उलट टोकाला उभा आहे. ज्याची चूक नाही त्याला तुरुंगात घालू नये, लोकांचा राग कितीही असो. आज आपण उलटंच करतो. घरच्यांना पैसे मिळण्याची दुसरी वाट नसते, म्हणून कुणाला तरी आरोपी करण्याचा दबाव पोलिसांवर येतो. पोलीस ड्रायव्हर किंवा पुजाऱ्यासारखा हाताशी असलेला माणूस उचलतात आणि साक्षी फुटल्या की काही वर्षांनी तोही सुटतो. नोटीस देऊन झोपलेला अधिकारी, ओव्हरलोड भरायला लावणारा ट्रान्सपोर्टवाला, उताराचा नकाशा काढणारा, यांच्यापर्यंत कुणी पोचत नाही. भरपाईची सोय वेगळी झाली तर खटला शांतपणे, पुरावा बघून चालवता येईल, आणि खरी हयगय असेल तर ती वरपर्यंत शोधताही येईल.

यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसायचं कारण नाही. राज्यघटनेच्या समवर्ती यादीत, नोंद 8 मध्ये, दावा लावण्याजोग्या दिवाणी अपकृत्यांचा, म्हणजे ज्यांची भरपाई मागता येते अशा कृत्यांचा, विषय आहे. त्यावर राज्य विधानसभा कायदा करू शकते. विमा हा केंद्राचा विषय आहे, पण मंडपाची किंवा गार्डनची परवानगी देताना पॉलिसीची प्रत मागायला महापालिकेला कुणी अडवलेलं नाही. वाहनाच्या कागदपत्रांत ती आपण मागतोच. पुढच्या गणेशोत्सवाच्या परवानगीच्या अर्जात दोन रकाने वाढवून इंदूरला सुरुवात करता येईल: विम्याचा नंबर काय, आणि मंडपाखालची जागा कुणी व केव्हा तपासली.